मापाचा माइक, आठ महिने: आधी सोफा हलला, मग माझं मत

आमचा हॉल साडेसोळा बाय साडेनऊ फुटांचा. दोन बुकशेल्फ स्पीकर, जुना अ‍ॅम्प आणि मागच्या भिंतीला टेकवलेला सोफा. माझी तक्रार एकच होती. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचं रेकॉर्डिंग लावलं की तानपुऱ्याचा खर्ज पोटात घुमायचा. काळी पाचच्या बाईंचं लावलं की सगळं कसं स्वच्छ. मी अ‍ॅम्पला दोष दिला, दुकानदाराने केबलला. केबल घेतली. मुलाने पडद्याआडून दहा वेळा अदलाबदल केली, त्यात मी पाच वेळा बरोबर ओळखली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं.

मग मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-1 हा आवाज मोजायचा माइक घेतला. लॅपटॉपला यूएसबीने लागतो, आणि त्याने टिपलेल्या आवाजाचा आलेख काढणारं रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पहिल्याच स्वीपला, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सरकणाऱ्या चाचणीच्या आवाजाला, 69 हर्ट्झच्या आसपास अकरा डेसिबलचा सुळका दिसला. हिशोब केला तर हसू आलं. 69 हर्ट्झची लाट पाच मीटर लांब, आमचा हॉलही लांबीला पाच मीटर, म्हणून ती इथे घुमत होती. आणि काळी एकचा खर्ज बरोबर तिथेच. भिंतीला लागून बसलं की हा फुगवटा सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि आम्ही वर्षानुवर्षं तिथेच बसत होतो.

कोपऱ्यात कापसाच्या गाद्या रचून पाहिल्या. टाळी वाजवल्यावर येणारा झणकार गेला, खर्ज मात्र हलला नाही. एवढ्या लांब लाटेपुढे गादीचं काय चालणार? सोफा पाऊण मीटर पुढे घेतला तेव्हा सुळका पाचेक डेसिबलने बसला. उरलेला इक्वलायझर एपीओने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने कापला. घरात सोफ्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

इथवर माइकला पैकीच्या पैकी. पुढे मला चेव आला आणि मी पार वीस हजार हर्ट्झपर्यंत रेघ सपाट केली. आलेख देखणा आला आणि सतारीची जवारी काच घासल्यासारखी वाजू लागली. तीन आठवडे मी स्वतःला समजावत होतो की अचूक आवाज असाच असतो, सवय होईल. सवय झाली नाही. शेवटी चूक सापडली. या माइकच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे माइकची स्वतःची चूक वजा करणाऱ्या, दोन फाइली असतात: माइक स्पीकरकडे रोखला तर शून्य अंशाची आणि छताकडे रोखला तर नव्वद अंशाची. माइक मी छताकडे रोखला होता आणि फाइल लावली होती शून्याची. त्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज आहे त्यापेक्षा कमी दिसत होता, आणि तो मी इमानदारीने वाढवत बसलो होतो. आता नव्वदची फाइल लावतो, सोफ्यावरच्या सहा जागांची सरासरी काढतो आणि साधारण 220 हर्ट्झच्या वर हात लावत नाही. त्यापुढे माइक वीतभर सरकवला तरी आलेख बदलतो. मग दुरुस्त करायचं ते नेमकं कुठल्या जागेचं?

कानावर भरवसा ठेवणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. 1994 साली हार्मन या ऑडिओ कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी तेच स्पीकर झाकून आणि दाखवून असे दोन्ही प्रकारे ऐकवले, तर ऐकणाऱ्यांनी दिलेले गुण बदलले. माझी फजिती याहून घरगुती आहे. त्याच आलेखात 114 हर्ट्झला एक खोल खड्डा होता. स्पीकर समोरच्या भिंतीपासून पाऊण मीटरवर होते. भिंतीवर आपटून परतणारी लाट त्या जागी मूळ लाटेला मारते. असा खड्डा इक्वलायझरने भरत नाही. जेवढं ओताल तेवढंच रद्द होतं, अ‍ॅम्प फक्त तापतो. काळी पाचचा खर्ज 116 हर्ट्झचा. म्हणजे बाईंचं गाणं मला ‘स्वच्छ’ वाटायचं, कारण त्यांच्या तानपुऱ्याची एक तार मला ऐकूच येत नव्हती.

स्पीकर भिंतीजवळ सरकवले, खड्डा वर गेला आणि उथळ झाला. तार आली. 69चा फुगवटा थोडा परतला, तो फिल्टर बदलून कापला. त्या रात्री बाईंचा तोच यमन लावला. बायको दहा मिनिटं ऐकून म्हणाली, “आधी छान होतं. आता मागे काहीतरी गुणगुणतंय.” मला आवडलंय. पण खरं सांगतो, कधी कधी मलाही आधीचंच ऐकावंसं वाटतं, म्हणून जुनं सेटिंग अजून पुसलेलं नाही.