माळवदाच्या घरातले मुंगळे आणि बोरिक पावडर

कॅरमच्या बोर्डावर टाकतात तीच ही पावडर. मेडिकलमध्ये किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते, शंभराच्या नोटेत काम भागतं. घेताना डबीवर ‘बोरिक ॲसिड’ लिहिलंय का तेवढं बघून घ्या, कारण कॅरमसाठी दुसऱ्या पावडरीही विकतात. लाकडात शिरलेल्या मोठ्या काळ्या मुंगळ्यांसाठी मी ती वापरली. पाचपैकी चार तारे देते.

आमचं घर लातूर जिल्ह्यातल्या औशातलं, जुनं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. सागवानी खांब, तुळया, कड्या, वर किलचण, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती किती जड असते ते औसा तालुक्यात कुणाला सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीला दगडमातीच्या भिंती आणि असलीच छतं झोपलेल्या माणसांवर आली. त्यामुळं तुळईखाली भुसा दिसला की तो झाडून टाकून गप्प बसणं आमच्या घरात कुणाला जमत नाही.

गेल्या पावसाळ्यात आर्द्रा लागल्यावर ढाळजेतल्या, म्हणजे दाराजवळच्या ओसरीतल्या, तुळईखाली असा भुसा पडायला लागला. आत्याबाई म्हणाल्या, “वाळवी लागली गं बाई. रॉकेल ओता तुळईवर.” मी भुसा कागदावर घेऊन उजेडात नीट बघितला. लाकडाचे बारीक तंतू होते, आणि त्यात किड्यांचे पाय, पंखांचे तुकडे, मेलेल्या मुंगळ्यांची डोकी. जमिनीतून चढणारी वाळवी असला भुसा टाकत नाही. ती मातीच्या नळ्या करत भिंतीवरून चढते आणि लाकूड खाते. मुंगळा लाकूड खात नाही, राहायला जागा म्हणून ते कोरतो आणि कोरलेलं बाहेर फेकतो. त्याचे बोगदे आतून स्वच्छ, पॉलिश पेपर मारल्यासारखे गुळगुळीत असतात; वाळवीच्या बोगद्यात माती भरलेली असते. हा फरक आधी ओळखा, कारण पुढचा सगळा इलाज त्यावर ठरतो. वाळवीसाठी पुढं सांगितलेली साखरपाण्याची युक्ती चालत नाही.

आपल्याकडचे मुंगळे बहुतेक झाडाच्या बुडाशी, जमिनीतच वारूळ करतात. घरातलं लाकूड ओलं राहिलं, कुजून मऊ झालं, की तिथं शिरतात. म्हणून मुंगळे कुठून येतात हे शोधणं म्हणजे ओल शोधणं. दिवसा फार काही कळत नाही; ते जास्त करून रात्रीचे फिरतात. दिवेलागणीनंतर खांबाजवळ गुळाचा खडा ठेवला आणि बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधला. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळं रांग बिचकत नाही. गूळ घेऊन परतणारे मुंगळे बघायचे, येणारे नाही. आमचे खांबावरून तुळईवर गेले आणि तुळईचं टोक भिंतीत शिरतं त्या फटीत नाहीसे झाले. बरोबर त्याच्यावर माळवदाचा पन्हाळ, पावसाचं पाणी बाहेर काढणारा. पेचकसाच्या मुठीनं तुळई ठोकली तर बाकी ठिकाणी भरीव आवाज आणि टोकाशी पोकळ. कान लावला तर आत सुकं पान चुरगाळल्यासारखी खसखस.

आता पावडरीचं. एक पेला, म्हणजे साधारण 200 मिली गरम पाणी, त्यात चहाचे चार चमचे साखर आणि सपाट अर्धाच चमचा बोरिक. हे साधारण एक टक्क्याचं पाणी होतं. जास्त घातली की जास्त मरतील असं वाटतं, पण होतं उलट. तीव्र पाण्याला मुंगळे तोंडच लावत नाहीत, लावलं तर वाटेतच मरतात. आपल्याला ते जिवंत घरी जायला हवेत. मुंगळा पोटात साठवलेलं तोंडातून दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला, असं करत ते अळ्यांपर्यंत आणि राणीपर्यंत जातं. बोरिक हळू मारते म्हणूनच ती इथं उपयोगाची. फवाऱ्यानं समोरचे मरतात आणि आतले दुसरी वाट काढतात. खडूच्या रेघेचंही तेच. रॉकेल तर लाकडी घरात नकोच.

बाटल्यांच्या झाकणांत कापसाचे बोळे ठेवून त्यावर हे पाणी ओतलं, म्हणजे मुंगळे बुडत नाहीत, आणि झाकणं शिडी लावून वर तुळईवरच, त्यांच्या वाटेच्या कडेला ठेवली. खाली ठेवायचं नाही. पावडर पोटात गेली तर लेकरांना आणि जनावरांना अपाय होतो. पावडरीचा चमचा, पेला वेगळाच ठेवा, हात साबणानं धुवा, आणि धान्य साठवायच्या बळदाजवळ ती नेऊही नका.

आत्याबाईंना साखर दाखवून मारणं पटेना. त्या श्रावणात वारुळाला साखर घालतात. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. म्हणून परसात लिंबाखालच्या वारुळाला हात लावायचा नाही, औषध फक्त तुळईवर, असं आमचं ठरलं. ते वारूळ अजून आहे आणि त्याचा घराला काही त्रास नाही.

पहिले दोन-चार दिवस झाकणांवर मुंगळ्यांची झुंबड उडते. त्यावेळी एकही मारू नका, घरातल्यांनाही सांगून ठेवा. मग रांग विरळ होत जाते. आमच्याकडं मधेच गोडाकडं फिरकेनासे झाले. पिल्लं वाढवताना त्यांना गोडापेक्षा सकस लागतं, म्हणून शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक वाटून त्यात चिमूटभर बोरिक मळून ठेवली, ती उचलली. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. आंबलं की कुणी शिवत नाही. पोळ्याच्या सुमाराला भुसा पडायचा थांबला आणि ठोकल्यावर खसखसही येईना. मग कोरडी पावडर सॉसच्या पिचकारी बाटलीत भरून फटीत हलकीशी उडवली. अशी फटीत उडवलेली पावडर कोरडी आहे तोवरच काम करते.

एक तारा कमी देण्याचं कारण म्हणजे ओल तशीच राहते आणि ओल राहिली तर दुसरे मुंगळे येणारच. पन्हाळाची जागा सरकवून तो भिंतीपासून लांब काढला, माळवदावर नवी पांढरी माती टाकून उतार नीट केला, आणि दिवाळीनंतर सुतारानं तुळईचं कुजलेलं टोक कापून सागवानी जोड बसवला. शेवग्याची फांदी माळवदाला टेकली होती, तीही तोडली. तिच्यावर मावा होता. माव्याचा गोड चिकटा चाटायला मुंगळे वर चढायचे आणि तिथून सरळ घरावर उतरायचे. या सगळ्याला पैसे लागले, पावडरीच्या कितीतरी पट. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं असतं तरी हे काम आपल्यालाच करावं लागलं असतं.

विकत घेण्याआधी एकच गोष्ट करा. पोकळ वाजणाऱ्या जागी पेचकस टोचून बघा. टोक जरासं रुतून अडलं तर पावडर आणा आणि धीर धरा. सहज आत गेलं तर पावडर नंतर. आधी तुळईखाली टेकू द्या, सुताराला बोलवा आणि तोवर त्या खणात कुणाला झोपू देऊ नका.