आयरिश शब्दांच्या लिंगासाठी टँगलन: मोफत आणि भरवशाचं

नागपुरात बसून आयरिशमधले स्त्रीवाचक शब्द शिकायचे असतील, तर टँगलन हे संकेतस्थळ आधी उघडा. पत्ता रोमन लिपीत: टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन, डॉट, आय-ई. पैसे लागत नाहीत. ओ डोनेलचा 1977 चा आयरिश-इंग्रजी कोश त्यात आहे.

आपण पोट्ट्याची पोट्टी आणि वाघाची वाघीण करतो. बदल शब्दाच्या शेवटी होतो. आयरिशमध्ये तो सुरुवातीला होतो. ब्यॅन म्हणजे बाई. तिचंच 'बन' हे रूप शब्दाआधी जोडतात आणि पुढचं व्यंजन मऊ होतं. प्रिन्सा (राजपुत्र), तर राजकन्या बनफ्रिन्सा. फिले (कवी), तर कवयित्री बनिले: लिहिताना एफपुढे एच येतो आणि उच्चारातून फ पार जातो. मात्र 'बन'नंतर द आला, तर तो मऊ होत नाही. दिया (देव) यावरून बनदिया (देवी). नवशिके नेमका इथे मऊपणा दाखवणारा एच घालून चुकतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. बनफ्रिन्सा आणि बनिले अर्थाने बायका, पण व्याकरणात पुल्लिंगी. बनरीन (राणी) मात्र स्त्रीलिंगी. म्हणून अर्थावर थांबू नका, शब्दापुढचं 'एम' (पुल्लिंगी) किंवा 'एफ' (स्त्रीलिंगी) हे अक्षर बघा. मग व्याकरणाचा विभाग उघडा, तिथे रूपं तयार मिळतात. स्त्रीलिंगी ब्यॅनला 'अन' हे उपपद लागलं की ब चा व होतो. कालीन (मुलगी) पुल्लिंगी, म्हणून तिथे क तसाच राहतो. सर्वनाम मात्र 'ती'चंच येतं! हा विभाग इतका चांगला आहे की त्याच्यासाठीच संकेतस्थळ वापरावं.

अल्स्टर, कॉनाक्ट आणि मन्स्टर या तिन्ही बोलींतले उच्चार ऐकता येतात, पण प्रत्येक शब्दाचे नाहीत. एकच बोली धरा.

उणीव अशी, की कोश जुना आहे. व्यवसायांच्या नावांना 'बन' लावलेले शब्द त्यात भेटतात, पण आज शिक्षक आणि शिक्षिका दोघांनाही बहुधा मूनचोर हा एकच शब्द चालतो. प्राण्यांना बहुधा 'बन' न लावता 'बन्यन' (मादी) हा शब्द मागे ठेवतात. अर्थ इंग्रजीतून वाचावे लागतात. स्कॉटिश गेलिक (स्कॉटलंडमधली, आयरिशच्या जवळची भाषा) इथे नाही. त्यात 'बना' हे रूपही वापरतात, तेव्हा त्या भाषेसाठी वेगळा कोश घ्या.