कपॅसिटर की डेकमधला हाय-पास?
गाडीच्या दारातला ४ इंची स्पीकर बेसला फडफडतो, म्हणून खालचे आवाज त्याच्यापासून अडवायचे. त्यावर स्वस्त इलाज म्हणजे कपॅसिटर, खालचे आवाज अडवणारा छोटा भाग. प्रत्येक स्पीकरच्या एका वायरमध्ये सिरीजला एक, नॉन-पोलरच (ज्याला प्लस-मायनस टोकं नसतात तो). साधा पोलर लावला तर तापून फुगतो. ४ ओहमला २२० मायक्रोफॅरड लावल्यास कट (ज्याच्या खालचा आवाज कमी होत जातो ती सीमा) साधारण १८० हर्ट्झला, ४७० लावल्यास ८५ला. पण उतार फक्त ६ डीबी प्रति ऑक्टेव्ह, म्हणजे कटच्या खाली फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की आवाज ६ डीबीनेच उतरतो. शिवाय रेझोनन्सपाशी (जिथे स्पीकर स्वतःहून जास्त थरथरतो) त्याचा इम्पिडन्स, म्हणजे ओहममधला अडथळा, वाढतो, म्हणजे नेमकं जिथे अडवायचं तिथेच कपॅसिटर ढिला पडतो.

डेकच्या (गाडीच्या स्टीरिओच्या) मेनूत हाय-पास, म्हणजे खालचे आवाज अडवणारा फिल्टर, असेल तर तोच घ्या. बहुतेकदा १२ डीबीचा उतार मिळतो, कट कानाने बदलता येतो. मात्र तो पुढच्या चारही स्पीकरना (दारातले दोन आणि बारीक आवाजाचे दोन ट्वीटर) एकदमच लागतो. ट्वीटरचा कपॅसिटर तरीही काढू नका.