उशाशी ठेवलेला मास्क : सात महिन्यांनंतरचे परीक्षण

सात महिन्यांपूर्वी मी घरातल्या चार माणसांसाठी विषारी वायूंपासून बचाव करणारे चार हाफ-फेस मास्क आणि त्यांना लागणाऱ्या कार्ट्रिजच्या, म्हणजे हवा गाळणाऱ्या डब्यांच्या, चार जोड्या विकत घेतल्या. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे नोकरी करतो आहे, त्यामुळे मास्क ही वस्तू मला नवी नाही. कामावर तो रोजच गळ्यात असतो. घरासाठी तो घ्यावा असे मात्र इतक्या वर्षांत कधी वाटले नव्हते. उत्पादकाचे आणि दुकानाचे नाव इथे देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते या प्रकारच्या बहुतेक मास्कना लागू पडते.

खरेदीमागचे कारण आधी सांगायला हवे, कारण वस्तूची परीक्षा त्याच कारणाच्या कसोटीवर केली आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे हादरे सुरू झाले आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतला एक ४.१ तीव्रतेचा होता. आमचे बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मध्ये फक्त वाणगाव स्टेशन येते, म्हणजे हे सारे आमच्या अंगणातच चालले होते. एवढ्या तीव्रतेच्या धक्क्याने रसायनाची टाकी फुटत नाही हे मलाही कळते, आणि कोणाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण मांडणीवरचे पेले एकमेकांवर किणकिणताना ऐकले की रात्रपाळीत टाक्यांच्या आवारात उभ्या असलेल्या माणसांची आठवण होते, आणि मग यालोवा आठवते.

१७ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे ३ वाजून २ मिनिटांनी तुर्कस्तानच्या इझमित परिसरात ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला. सतरा हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्या आकड्याखाली बाकीच्या बऱ्याच गोष्टी दबून गेल्या. यालोवा शहराजवळ अक्सा कंपनीचा अ‍ॅक्रिलिक धाग्याचा कारखाना आहे. स्वेटरपासून ब्लँकेटपर्यंत ज्या धाग्याची आपल्याला सवय आहे त्याचा कच्चा माल म्हणजे अ‍ॅक्रिलोनायट्राइल, आणि त्या भूकंपात तिथल्या टाक्यांतून सुमारे साडेसहा हजार टन अ‍ॅक्रिलोनायट्राइल बाहेर पडले. आमच्या गेटवर येणारा टँकर वीस-एकवीस टनांचा असतो. त्या हिशेबाने हे तीनशेहून अधिक टँकर झाले. टाकी गळली तर माल आतल्या आत अडावा म्हणून भोवती काँक्रीटची भिंत बांधलेली असते, तिला आम्ही डाईक म्हणतो. तिथे त्या भिंतींनाच तडे गेले आणि माल जमिनीत, समुद्रात आणि हवेत गेला. हे रसायन शरीरात गेले की त्यातून सायनाइड तयार होते, आणि त्याला आत शिरायला नाकाचीच वाट लागते असे नाही, कातडीतूनही ते जाते.

हा मास्क अशा पहाटे काय कामाचा, एवढाच माझा प्रश्न होता.

आता वस्तूकडे वळतो. मास्क सिलिकॉनचा, नाक आणि तोंड झाकणारा आहे आणि त्याला दोन्ही गालांकडून एकेक कार्ट्रिज पाव फेरा फिरवून बसवायची असते. कार्ट्रिजवर तपकिरी, करडा, पिवळा, हिरवा आणि पांढरा असे पाच पट्टे आहेत. तपकिरी सेंद्रिय बाष्पांसाठी, करडा क्लोरिनसारख्या वायूंसाठी, पिवळा सल्फर डायऑक्साइडसाठी, हिरवा अमोनियासाठी आणि पांढरा धूळ-धुराच्या कणांसाठी. कामावर आम्हाला एकाच पट्ट्याची कार्ट्रिज पुरते, कारण समोर काय आहे ते ठाऊक असते. घरासाठी मात्र पाचही पट्टे हवेत, कारण अपरात्री कोणत्या कारखान्याचे काय सुटले आहे हे आपल्याला कोणी सांगणार नाही. दुकानदार फक्त तपकिरी पट्ट्याची स्वस्त जोडी गळ्यात मारू पाहत होता. ती घेऊ नका. मास्क आणि पाचपट्टी कार्ट्रिजची जोडी मिळून माणशी २,७५० रुपये पडले, म्हणजे चौघांचे ११,०००.

घरी आणल्यावर दोन चाचण्या केल्या. पहिली रीतसर होती. केळ्यासारखा वास येणारे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही हे तपासायला सगळीकडे वापरतात. त्याचा बोळा बाटलीत घालून प्रत्येकाच्या चेहऱ्याभोवती फिरवला, मान वळवायला लावली, मोठ्याने दहापर्यंत अंक म्हणायला लावले. दुसरी चाचणी पत्नीने सुचवली आणि ती मला अधिक बोलकी वाटली : खिडक्या लावून तिने कढईत सुक्या मिरच्यांची फोडणी केली. ज्या ठसक्याने एरवी शेजारचेही खोकतात त्या ठसक्यात आम्ही दोघे पाच मिनिटे आरामात उभे राहिलो, पण दोघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

हाफ-फेस मास्कचा मोठा दोष हाच आहे. अमोनिया किंवा अ‍ॅक्रिलोनायट्राइल डोळ्यांना मिरचीपेक्षा किती तरी अधिक झोंबते, आणि डोळे मिटून काचा-विटांचा खच पडलेला जिना उतरता येत नाही. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क हा यावरचा खरा उपाय आहे, परंतु तो महाग असतो आणि चष्म्याची काडी कानाकडे जाताना त्याची कड उचलते. आम्ही चौघांपैकी तिघे चष्मेवाले असल्यामुळे तो नाद सोडला आणि पोहण्याचे गॉगल आणून डब्यात टाकले. ही सोय जुजबी आहे हे मान्य आहे.

आईची चाचणी दुपारी उत्तम झाली होती. रात्री सहज पुन्हा घेतली तर केळ्याचा वास तिला लगेच आला. कारण साधे होते : झोपताना ती कवळी काढून पाण्यात ठेवते, गाल आत जातात आणि सिलिकॉनची कड गालाला टेकत नाही. यालोवाचा भूकंप पहाटे तीनला झाला होता हे मी तिला सांगितले, तर ती म्हणाली, “मग आधी दात लावू की आधी तोंड लावू?” आता क्रम ठरला आहे, आधी दात. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. माहितीपत्रक तसेही फक्त इंग्रजीत आहे, आणि जो मास्क कंत्राटी कामगारांच्या वस्तीशेजारच्या दुकानात विकला जातो त्यात मराठी किंवा हिंदीची एक ओळही नसावी हे मला मुळीच पटले नाही. दाढीचा उल्लेख त्यात आहे, तोही बारीक अक्षरांत. दोन दिवसांची खुंटे असली तरी मास्क गळतो. मी स्वतः तो अनुभव घेतला.

मुलीच्या बाबतीत ही खरेदी सपशेल फसली. ती नऊ वर्षांची आहे. दुकानदाराने “साहेब, स्मॉल साइज लहान मुलांनाही चालते, पट्टा फक्त घट्ट ओढा,” असे छातीठोकपणे सांगितले होते. चालत नाही. पट्टा ओढला की मास्क हनुवटीखाली सरकतो आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना फट पडते. हे मास्क प्रौढांच्या चेहऱ्यासाठीच घडवलेले असतात हे मला माहीत असायला हवे होते, तेव्हा निम्मा दोष माझा. पण मास्क परत द्यायला गेल्यावर “सील फोडले” म्हणून हात वर करण्यात आले. शिवाय चारपैकी एका जोडीवरची मुदत जेमतेम चौदा महिन्यांची उरली होती, जी मी दुकानात पाहिली नव्हती. ती जोडी मात्र तक्रारीनंतर बदलून मिळाली. पाकिटावरची तारीख काउंटरवरच वाचावी, आणि घरात चाचणीसाठी एक वेगळी जोडी ठेवून बाकीच्यांची सीलबंद पाकिटे फोडू नयेत, कारण हवा लागलेली कार्ट्रिज कपाटात पडल्या पडल्याही निकामी होत जाते.

मास्कच्या क्षमतेविषयी दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. हा मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. ज्या खोलीत गॅसने हवाच हटवली आहे तिथे तो निरुपयोगी आहे, आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ आत येतो. दुसरे म्हणजे या वर्गाच्या कार्ट्रिजची मर्यादा हवेत ०.१ टक्का वायू इतकीच आहे, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग. अमोनिया तीनशे भागांनाच जिवाला धोकादायक मानला जातो, म्हणून हा आकडा मोठा वाटेल, परंतु फुटलेल्या टाकीच्या आसपास हजारही मागे पडतात. हा पळून जाण्याचा मास्क आहे, थांबून मदत करण्याचा नव्हे. कामावर तो लावून वाल्व्ह बंद करायला धावणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो.

एवढ्या मर्यादा असूनही मी तो का ठेवला आहे, ते सांगतो. गॅसगळती झाली तर काय करायचे हे आमच्या भागात मॉक ड्रिलमध्ये शिकवतात : दारे-खिडक्या लावा, फटींत ओले फडके कोंबा, घरातच थांबा. भूकंप झाला तर काय करायचे हे शाळेत शिकवतात : हादरे थांबले की इमारतीबाहेर पडा आणि मोकळ्या जागेत जा. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण दोन्ही संकटे एका रात्री आली की ते एकमेकांच्या उरावर बसतात. तडे गेलेल्या इमारतीत थांबता येत नाही, काचा फुटलेल्या घरात गॅस अडवता येत नाही, आणि मोकळ्या मैदानात हवा कोणती आहे ते कळत नाही. इझमितजवळच्या त्यूप्राश तेलशुद्धीकरण कारखान्यात त्याच भूकंपानंतर अनेक दिवस आग धुमसत होती, पाण्याची मुख्य वाहिनी तुटल्यामुळे विझवायला पाणी नव्हते, आणि शेवटी आसपासचा पाच किलोमीटरचा परिसर रिकामा करण्याचा हुकूम निघाला. त्या परिसरात ढिगाऱ्यांखाली माणसे होती आणि वर त्यांना उकरून काढणारी माणसे होती. त्या वरच्या माणसांनी काय करायचे होते? या आड-विहिरीच्या मधली जी अरुंद वाट आहे तिच्यावर हा मास्क थोडा वेळ देतो. माझ्या अंदाजाने वीस मिनिटे, फार तर अर्धा तास, आणि एवढ्यात पायी दीड-दोन किलोमीटर जाता येते.

त्याच भूकंपातली आणखी एक हकिकत मला टाकी फुटण्यापेक्षा अधिक अस्वस्थ करते. एका ठिकाणी दोनशे टन अमोनिया हेतुपुरस्सर हवेत सोडावा लागला. वीज गेल्यामुळे तो थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली होती आणि दाब वाढून टाकीच फुटण्याची भीती होती. काही तुटले नव्हते, फक्त वीज नव्हती. पुढे १२ मे २००८ च्या सिचुआन भूकंपात चीनमधल्या शिफांग इथे दोन रासायनिक कारखाने कोसळले आणि ८० टनांहून अधिक द्रवरूप अमोनिया गळला, सहा हजार माणसे हलवावी लागली. कार्ट्रिजवरचा हिरवा पट्टा दुकानदाराला अनावश्यक वाटत होता, तो मला का हवा होता ते यावरून लक्षात येईल.

कोणत्या दिशेने जायचे हे मास्क सांगत नाही, आणि वीज नसेल तर भोंगाही सांगणार नाही. आमचे घर स्टेशनच्या पूर्वेला आहे आणि एमआयडीसी पश्चिमेला. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात तेव्हा कारखान्यांचा वास आमच्याकडे येतो. रात्री मतलई वारे सुटले की तो किनाऱ्यालगतच्या गावांकडे जातो. भूगोलाच्या पुस्तकातला हा धडा चौघांनीही पुन्हा वाचला. वाऱ्याला आडवे जायचे, त्याच्यासोबत नाही आणि समोरूनही नाही, आणि नाल्याच्या बाजूचा सखल रस्ता टाळायचा, कारण अ‍ॅक्रिलोनायट्राइलसारखी जड बाष्पे पाण्यासारखी उताराकडे वाहतात. पत्नीने गच्चीवरच्या दांडीला जुन्या ओढणीची एक पट्टी बांधली आहे; रात्री टॉर्च मारला की वारा कुठला ते दिसते. त्या पट्टीला काहीही खर्च आला नाही आणि माझ्या मते या सगळ्या साहित्यात तीच सर्वांत उपयोगी आहे.

प्रौढांसाठी मध्यम आणि मोठ्या मापाच्या मास्कला मी पाचपैकी चार गुण देईन : सिलिकॉन मऊ आहे, पट्टा अंधारात चाचपडून लावता येतो (मी नऊ सेकंदांत लावतो, पत्नी सहा), आणि केळ्याच्या चाचणीत दोघांनाही काही जाणवले नाही. लहान मापाला एक, तोही नीट धुता येतो म्हणून. दुकानाला दोन. मुलीसाठी डोक्यावरून ओढून गळ्याशी बंद होणारा पळण्याचा हूड शोधतो आहे. तो पुरा चेहरा झाकतो, डोळेही वाचतात, आणि गालांच्या मापाचा प्रश्न येत नाही. मात्र नऊ वर्षांच्या मुलीच्या बारीक मानेला त्याची कड बसते की नाही ते घालून पाहिल्याशिवाय या वेळी पैसे देणार नाही.

तोवर डबा पलंगाखाली आहे. त्यात तीन मास्क, सीलबंद कार्ट्रिज, चार गॉगल, टॉर्च आणि बंद चपला आहेत, आणि झाकणावर मार्करने मुदतीची तारीख लिहिली आहे. गेल्या आठवड्यात केर काढताना डबा ओढला तर वर आईच्या कवळीची वाटी होती. न्हाणीघरातल्या फळीवरून तिने ती स्वतःहून तिथे आणून ठेवली आहे.