दोन तळघरांसाठी भू-तपासणी : नागपुरातील एका संस्थेच्या सेवेविषयी

वर्धा रोडलगतच्या एका इमारतीच्या दोन तळघरांसाठी आम्ही ज्या स्थानिक संस्थेकडून भू-तपासणी करून घेतली, तिच्या ड्रिलिंगबद्दल मनापासून चांगले लिहावेसे वाटते. अहवालाबद्दल तसे म्हणता येत नाही.

नागपूर दख्खनच्या लाव्हाथरांच्या पूर्व कडेवर वसले आहे. पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेकडे नाईस (पट्टेदार रूपांतरित खडक) असल्यामुळे दुसऱ्याच प्लॉटचा जुना अहवाल पुढे करून काम भागवणे धोक्याचे ठरते. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये ‘बोल’ नावाच्या लाल, मऊ मातीचा पट्टा असेल, तर वरचा खडक कितीही टणक लागला तरी खोदाईच्या उभ्या बाजूची खरी कसोटी त्या पट्ट्यापाशी लागते; आणि सिंगल ट्यूब बॅरलने (एकाच नळीच्या ड्रिलने) काढलेल्या कोअरमध्ये, म्हणजे खडकाच्या दंडगोल नमुन्यात, तो बहुधा सापडतच नाही, कारण ड्रिलिंगचे पाणी त्याला धुऊन नेते. या संस्थेने खडकात पहिल्यापासून, आतल्या वेगळ्या नळीत नमुना पाण्यापासून जपणारे डबल ट्यूब बॅरल वापरले. परतीचे पाणी लाल होताच चालकाने तेवढी खोली लॉगमध्ये टिपली आणि कोअर बॉक्समध्ये न मिळालेल्या लांबीच्या जागी लाकडी ठोकळा ठेवला. (तुकडे सरकवून ही रिकामी जागा झाकणारेही असतात.) काळी माती आणि मुरमातील एसपीटीचा (ठोक्यांवरून जमिनीचा घट्टपणा मोजणाऱ्या चाचणीचा) ६३.५ किलोचा हातोडाही दर वेळी पूर्ण ७५ सेंटिमीटरवरूनच पडत होता.

अहवालात मात्र भूजलाचा एकच आकडा आहे, तोही मे महिन्यातला, ड्रिलिंगच्या पाण्याने भरलेल्या बोअरमध्ये दुसऱ्या सकाळी टेप सोडून घेतलेला. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून फिरते. मुरमातील आणि खालच्या भेगाळ खडकातील पातळी वेगळी असू शकते. भुयारी मेट्रोच्या स्थानकांसाठी निरनिराळ्या खोलींवर पिझोमीटर (भूजलाची पातळी किंवा दाब मोजणारे साधन) बसवतात, पॅकर चाचणीने खडकातून किती पाणी शिरते ते मोजतात, आणि त्यावरून भिंतीवरील दाब व उपशाचे पंप ठरवतात. आपली मेट्रो बहुतांशी खांबांवरून धावते, म्हणूनच की काय, हा अहवाल पायाच्या धारणक्षमतेवर पानेच्या पाने लिहितो आणि खोदाईच्या बाजूंवर येणारा दाब एका परिच्छेदात उरकतो.

आग्रह धरल्यावर संस्थेने एका बोअरमध्ये पिझोमीटर म्हणून छिद्रांचा पाइप जादा दराने बसवून दिला. ऑगस्टमध्ये त्यातील पाणी खालच्या तळघराच्या नियोजित फरशीच्या वर आले होते, आणि पंपांचा हिशेब नव्याने करावा लागला. पुढच्या कामालाही मी याच संस्थेला बोलावीन. फक्त पिझोमीटर आणि पावसाळ्यातील मोजणी दरांसह वर्क ऑर्डरमध्येच लिहून घेईन.