थ्री एलिमेंटच्या नावाखाली 5,27,570 रुपये गेले. ड्रम लेव्हलचं काम करून घेणाऱ्यांनो, आधी पॅनेल उघडायला लावा

उष्णा तांदळाची मिल, भुशावर चालणारा, तासाला 6 टन वाफेचा बॉयलर, दाब 10.54 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ऑन-ऑफ पंपावर ड्रमची, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची, लेव्हल सारखी वरखाली व्हायची, म्हणून थ्री एलिमेंट कंट्रोल घेतलं, म्हणजे लेव्हल, स्टीम फ्लो (वाफेचा प्रवाह) आणि फीड वॉटर फ्लो (आत जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह) असं तिन्ही बघून पाणी सोडणारी यंत्रणा. कोटेशन 4,85,000, जीएसटी 87,300, एकूण 5,72,300. ॲडव्हान्स 2,86,150, माल उतरल्यावर 2,28,920. वर कॅलिब्रेशनचे म्हणून रोख 12,500, पावती नाही. बिनपावतीचा पैसा मागणाऱ्याला तिथेच थांबवा.

चाचणीच्या दिवशी धानाच्या टाक्यांना एकदम वाफ सोडली. प्रेशर 9.5 वरून 8 वर आलं आणि गेज ग्लासमध्ये, म्हणजे ड्रमची लेव्हल दाखवणाऱ्या काचेत, पाणी चढलं. बॉयलरवाल्यांना हे माहीत आहे. दाब पडला की ड्रममधले बुडबुडे फुगतात, पाणी वाढल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते कमी होत असतं. नुसत्या लेव्हलवर चालणारा कंट्रोलर इथेच फसतो आणि फीड वॉल्व्ह, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याचा वॉल्व्ह, बंद करतो. स्टीम फ्लो आणि फीड वॉटर फ्लो जोडायचे ते याचसाठी, की वाफेची मागणी वाढताच वॉल्व्ह उघडावा.

पॅनेलवर स्टीम फ्लो तासाला 4.2 टन होता. टाक्या उघडल्या, तरी 4.2. फायरमन बोललाही, “भाऊ, हा आकडा तर हालूनच नाही राहिला.” वॉल्व्ह मिटत गेला. थोड्या वेळात बुडबुडे बसले आणि पाणी काचेच्या तळाला आलं. विकणारा म्हणाला, ट्यूनिंग (कंट्रोलरची जुळणी) बसायला दोन दिवस लागतात. आम्ही मान डोलावली.

ट्यूनिंगला वेळ लागतो हे खरंच आहे, म्हणून तर थाप पचली. हातात शिक्क्याचं सर्टिफिकेट होतं, हंगाम तोंडावर होता, आमच्या जागी दुसरा कोणीही हेच करता. पण ट्यूनिंग बसलेलं नसेल तर वॉल्व्ह चुकीचा हलेल, मोजलेला आकडा कसा गोठेल? एवढा एक प्रश्न त्या क्षणी विचारला असता तर वाचलो असतो. अजून जिवाला लागतं ते हेच.

आठवड्याने दुसऱ्या माणसाकडून पॅनेल उघडलं. कंट्रोलरला ॲनालॉग इनपुट एकच, म्हणजे तीनऐवजी एकच माप जोडायची सोय. 4.2 हा आकडा हाताने भरलेला. स्टीम लाइनच्या फ्लँजमध्ये ओरिफिस प्लेटच (फ्लो मोजायला लागणारी भोकाची चकती) नाही, नुसतं गॅस्केट. फ्लो ट्रान्समीटरची (माप पॅनेलला कळवणाऱ्या यंत्राची) केबल डक्टमध्ये टेप गुंडाळून सोडलेली. लेव्हल ट्रान्समीटर जुना, त्याच्या बॉडीवरचा नंबर एक आणि सर्टिफिकेटवरचा दुसरा.

त्याहून वाईट म्हणजे कंडेन्सेट पॉट, म्हणजे वेट लेग पाण्याने भरलेला ठेवणारं भांडं, लावलाच नव्हता. वेट लेगमधलं (ट्रान्समीटरच्या एका बाजूच्या भरलेल्या नळीतलं) पाणी कमी झालं की डीपी, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक, घटतो आणि ट्रान्समीटर खऱ्यापेक्षा जास्त लेव्हल दाखवतो. म्हणजे ड्रम रिकामा होतोय आणि पॅनेल सांगतंय, पाणी भरपूर आहे. वर विकणारा मॉब्रे फ्लोट (पाणी कमी झालं की ट्रिप करणारा तरंगता स्विच) “आता गरज नाही” म्हणून काढून घेऊन गेला. लो-लो ट्रिप (पाणी फारच खाली गेलं की बॉयलर आपोआप बंद करणारी सोय) कधीही त्याच ट्रान्समीटरवर ठेवू देऊ नका. ती वेगळीच हवी.

पोलिसांकडे गेलो तर म्हणे बिल आहे, माल आलाय, ही दिवाणी बाब. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब दौऱ्यावर. चार चकरा, दर वेळी 70 किलोमीटर. स्फोट झाला असता तर हेच सगळे धावत आले असते पंचनाम्याला! माणसं भाजायच्या आधी कागद हलवायचा नाही, असा काही नियम आहे का?

म्हणून चाचणीला स्वतः उभे राहा. फ्लो ट्रान्समीटरच्या तारेत मल्टीमीटर सिरीजमध्ये लावा. सिग्नल 4 ते 20 मिलिॲम्पियरचा असतो, शून्य फ्लोला 4 हवेत. वाफ उघडली की वाढलेच पाहिजेत. अर्ध्या फ्लोला डीपी पावच असतो, म्हणून वर्गमूळ काढलेलं नसेल तर 12 नाही, 8 दिसतील. 8 म्हणजे बिघाड नाही. लेव्हल थंड पाण्यावर सेट केली असेल तर गरम ड्रमसाठी दुरुस्ती मागा. 10 किलो दाबाला पाण्याची घनता साधारण 12 टक्क्यांनी कमी असते.

शेवटचे 57,230 आम्ही अडवले, तेवढेच वाचले. तुम्ही जास्त अडवा, आणि टाक्या उघडून लोड बदलल्याशिवाय सही करू नका.

प्रत्येक पाळीत गेज ग्लास ब्लो करा, म्हणजे ड्रेन उघडून साफ करा. ड्रेन बंद करताच पाणी झटकन चढलं पाहिजे, रेंगाळलं तर कॉक चोंदलाय. काचेत पाणीच दिसेना झालं तर पंप मारू नका. तापलेल्या नळ्यांवर थंड पाणी घालायचं नाही. भुशाचं फीडिंग आणि पंखे बंद करा, स्टीम वॉल्व्हला हात लावू नका. भुशाची आग स्विच दाबून विझत नाही, ट्रिप झाल्यावरही थर तापलेला असतो.

आता नवा मॉब्रे बसवलाय. फीड वॉल्व्ह सध्या फायरमन हाताने चालवतो, काचेकडे बघून.