नेट बंद की पोस्ट बंद?

कोल्हापुरात राजारामपुरीतला भाचा विचारत होता, "मामा, सरकारनं नेटवर कात्री चालवावी का नको? मला दोन्ही पटतंय." मी म्हटलं, कात्री कुठली ते आधी ठरव. एक सगळं इंटरनेट बंद करणारी, दुसरी नेमकी पोस्ट किंवा साइट अडवणारी.

नुकसानीचं बघ. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून शहर पेटलं आणि नेट बंद झालं. चप्पल लाईन असो की मिसळीचं दुकान, नेट नसेल तर स्कॅनरचा कागद नुसता भिंतीला. स्टेटस मूठभरांचं, दंड अख्ख्या गावाला. पोस्ट अडवली तर निदान गल्ला चालू राहतो.

उपयोग? इथं मात्र नेटबंदीच वेगवान. व्हॉट्सॲपवर फिरणारा स्क्रीनशॉट लिंक अडवून थांबत नाही. पण अफवा कट्ट्यावरूनही पळते, आणि नेट नसलं की तिचा खुलासा पोचत नाही.

हिशेब मागायचा तर गंमत आहे. नेटबंदीचा आदेश जाहीर केलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालची पोस्टबंदी मात्र २००९ च्या नियमांनुसार गोपनीय. कारण कळणार नाही, मग भांडायचं कशाशी?

दगडफेक चालू असेल तर काही तासांची, ठरावीक भागापुरती नेटबंदी मी समजू शकतो. चिथावणीच्या पोस्टला दुसरी कात्री, तीही लेखी कारणासह. नुसती सरकारवर टीका असेल तर दोन्ही कात्र्या खिशातच बऱ्या.